कपाटातलं कार्ड आणि परदेशातले बूट

क्रेडिट कार्ड आमच्या घरात आलं ते ह्यांच्या कंपनीतून. बँकेचा माणूस कॅन्टीनच्या दाराशी टेबल टाकून बसला होता आणि सही करणाऱ्याला पाण्याची बाटली फुकट देत होता. ह्यांनी बाटलीसाठी सही केली. मग एक दिवस पोस्टानं कार्डही मांडवगणला येऊन पोचलं.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांचं आयुष्य गावच्या सोसायटीच्या निवडणुकांत गेलेलं, त्यामुळं माणसावर विश्वास ठेवायची सवय त्यांना नव्हती. कार्ड आल्या दिवशीच ते त्यांनी लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि किल्ली बंडीच्या खिशात.

पण त्याच साली त्यांचा रेडिओ बिघडला. लांबची स्टेशनं लागतील असा रेडिओ शिरूरच्या एकाही दुकानात मिळेना. "इंटरनेटवर मिळतो," ह्यांना कंपनीत कुणीतरी सांगितलं. गरज पडल्यावर मामांनी कपाट उघडलं, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं शिरूरच्या नेट कॅफेत गेलो. कार्ड अर्थात मामांच्या हातात.

कॅफे म्हणजे एका गाळ्यात दाटीनं मांडलेले सहा-सात कॉम्प्युटर. मध्ये पडदेसुद्धा नव्हते. कार्डाचा नंबर टाकायची वेळ आली तसं मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि ह्यांच्या हातांवर आडवं धरलं.

"कुणी बघाय नको," ते म्हणाले.

"आप्पा, मलाच की दिसंना झालीत बटणं," हे म्हणाले.

"तू टाक. मी वाचतो."

आणि ग्रामसभेत माईक बंद पडल्यावर लावायचे त्या आवाजात मामांनी नंबर वाचायला सुरुवात केली. कॅफेवाला दोनदा "हळू, हळू" म्हणाला. मामांना वाटलं, सावकाश वाचायला सांगतोय. त्यांनी एकेक आकडा सुटा करून वाचला.

"आठ का सात?" ह्यांनी विचारलं.

"सात म्हणाले ते," पलीकडच्या कॉम्प्युटरवरचा अनोळखी माणूस मान न वळवता म्हणाला.

मग मामांनी कार्ड उलटं केलं आणि मागचे तीन आकडेही वाचले. ऑर्डर गेली. बाहेर पडताना मामा खूश होते. उपरण्याची घडी घालत म्हणाले, "एक अक्षर दिसू दिलं न्हाई कुणाला."

रेडिओ आला, चांगला निघाला, कार्ड परत कपाटात गेलं. पुढं एका दुपारी घरचा फोन वाजला. हे कामावर होते. मामांनी फोन उचलला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. तो बँकेतून बोलत होता. कार्डावर परदेशातल्या दुकानातून बूट घेतले गेले होते, ते आम्हीच घेतले का, एवढंच त्याला हवं होतं.

"बूट? आमच्यात समदे चपला घालत्यात."

"बरं, मग खात्रीसाठी तुमच्या मुलाची जन्मतारीख सांगता का?"

"कशाला? लगीन झालंय त्याचं."

पुढं मामांनी त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. फोन आपटून ते मला म्हणाले, "चोर हाय. म्हणं कार्ड वापरलंय. आगं, कार्ड घरात हाय!" त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मला कार्ड दाखवलं. "हे बघ. हललंबी न्हाई जागचं."

खरंच हललं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर छापलेला बँकेचा नंबर बघून ह्यांना कंपनीत फोन लावून तो सांगितला. ह्यांनी तिथूनच बँकेला विचारलं. मघाचा माणूस खरा होता आणि बूटही खरेच होते. कार्ड लगेच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तक्रारीचा अर्ज द्यायला आम्ही शिरूरच्या शाखेत गेलो. मॅनेजर बाई शांतपणे म्हणाल्या, "फोनवर काही सांगितलं नाहीत ते बरोबरच केलंत, आप्पा. असंच करायचं आणि कार्डावरच्या नंबरला आपण फोन लावायचा. फक्त शिव्यांची गरज नव्हती." मामांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि गावभर सांगितलं. नंबर कुठून फुटला ते कधीच कळलं नाही. ह्यांचा संशय कॅफेच्या कॉम्प्युटरवर होता. माझ्या मनात वेगळं होतं, पण सुनेनं किती बोलायचं? बुटांचा भुर्दंड मात्र बँकेनं आमच्यावर पडू दिला नाही.

नवं कार्ड आलं ते कपाटाऐवजी ह्यांच्या पाकिटात राहिलं, पण ह्यांनी धसका घेतला होता. थोड्याच दिवसांनी मला बहिणीकडं सोलापूरला जायचं होतं. रेल्वेची तिकिटं तेव्हा इंटरनेटवर मिळायला लागली होती. "नको," हे म्हणाले, "रोख द्यायचे न् तिकीट हातात घ्यायचं." आणि सकाळच्या गाडीनं दौंडला जाऊन स्टेशनच्या रांगेत उभे राहिले. खिडकीपाशी पोचले तेव्हा मागच्या खिशात पाकीट नव्हतं. रोख गेली, कार्डही गेलं. ते मात्र त्यांनी तिथंच उभं राहून मोबाईलवरून बंद करून घेतलं. बँकेचा नंबर त्यांनी आता फोनमध्ये ठेवला होता.

हे घरी आल्यावर मामांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधानच दिसलं.

"ह्यो चोर बरा," ते म्हणाले. "दौंडपतोर आला तरी."

सोलापूरला आम्ही एसटीनं गेलो.