हात लावू का?

निर्मलाताई गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आम्हा नर्सेसच्या ग्रुपवर एकीनं बातमी टाकली आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तासाभरात त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. मी ग्रुप म्यूट केला आणि वॉर्डातले राहिलेले बीपी मोजून घेतले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आदल्या दिवशीचा राग अजून उतरला नव्हता... कसला राग, ते सांगते, पण आधी ताई.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नर्स म्हणजे इंजेक्शन, सलाईन आणि रजिस्टर. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, त्याला नुसत्या हातानंही आराम देता येतो आणि ते शिकावं लागतं, हे आम्हाला ताईंनी शिकवलं. त्या स्वतः नर्स होत्या. रिटायर झाल्यावर दर शनिवारी आम्हाला शिकवायला जळगाव जामोदहून एसटीनं आमच्या वॉर्डात यायच्या. पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली आणि एक स्टीलची वाटी. आल्या आल्या पहिला हुकूम, "घड्याळं काढा. ते टोचते, अन् तुमचं ध्यान बी त्याच्यातच राह्यते."

पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला एका हाडकुळ्या आजीचा पाय आला. माझी आई गावभरच्या बाळंतिणींची मालिश करायची, त्यामुळे मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम! पदर खोचून लागले रगडायला. ताई मागून म्हणाल्या, "अवं माय, बाळंतीण हाय का ते? कणीक मळून राह्यली काय?" सगळ्या खिदळल्या. माझे कान तापले. मग त्यांनी माझा तळवा स्वतःच्या दंडावर ठेवून घेतला आणि जोर न लावता, नुसत्या हाताच्या वजनानं कसं फिरायचं ते दाखवलं. मला ते जमायला दोन महिने लागले.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. आधी विचारायचं, "हात लावू का?" दर वेळी. रोजच्या पेशंटलाही. आणि नको म्हटलं तर हात मागं घ्यायचा, तोंड वाकडं करायचं नाही, उठूनही जायचं नाही, तिथंच बसून राहायचं. मी वाद घातला. सुई टोचताना कोण विचारतं, मग तेल लावायला काऊन विचारायचं? ताई बौद्ध घरातल्या. एवढंच म्हणाल्या, "माह्या आजीले लोक हात लावत नव्हते. अन् मारतानी इचारत नव्हते. मले दोन्ही ठाऊक हाय." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. नंतर एका तिरसट म्हाताऱ्यानं मला तीन दिवस "नको" म्हटलं. मी बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यानं आपण होऊन पाय पुढं केला. ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "हाव. आता शिकली तू."

मग ताईंनाच लिव्हरचा कॅन्सर झाला. मी भेटायला गेले तेव्हा सुनेनं तीच वाटी कोमट तेल घालून स्टुलावर ठेवली. ताईंचे पाय सुजून टम्म झालेले. ते पाहिलं आणि मला काही सुचेना. तेल घेतलं आणि सरळ पायाला हात घातला. घड्याळसुद्धा हातातच.

ताईंनी पाय ओढून घेतला. "इचारलं नाही तू."

मी ओशाळले. घड्याळ काढलं. "ताई, हात लावू का?"

ताई म्हणाल्या, "आज नको."

मला राग आला. दोन बस बदलून आलेली मी, सहा वर्षं त्यांची चेली, मला नको? तोंड वाकडं झालंच असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पाच मिनिटंही बसले नाही. बस चुकेल म्हणाले आणि उठले. बसला अजून दीड तास होता. दुसऱ्या दिवशी ताई गेल्या.

जलदानविधीला सुनेनं ती वाटी माझ्या हातात दिली. आता शनिवारी मी शिकवते. नव्या पोरींच्या जोड्या लावते, वाटीत तेल कोमट करून मध्ये ठेवते. ताईंच्या धड्यात मी एकच भर घातलीय. पहिल्या दिवशी जोडीतल्या एकीनं "नको"च म्हणायचं. पोरी हसतात, कुणी रुसतात. परवा एक जण उठायला लागली, "मॅडम, मग मी काय करू?"

"काही नको. बस."

ती बसली. मीही तिच्याजवळ बसले, वाटीतलं तेल पार थंड होईपर्यंत.