दातावरच्या सोन्याची कड

दातावर टोपण बसवलं की त्याची कड तपासताना मी डोळे मिटत असे. बारीक टोकाची सळई हिरडीलगत हळूहळू फिरवायची. दात आणि सोनं भेटतात तिथं टोक अडखळलं तर फट आहे, सरकत गेलं तर टोपण नीट बसलं. ती फट डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. महाडात मात्र डॉक्टर काम करता करता झोपतो अशी बोलवा होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. सावित्री नदीवरचं धुकं दवाखान्याच्या ओटीपर्यंत यायचं, लवंगेच्या तेलाचा वास भरून राहायचा आणि सळई फिरवताना मला आपण बांधावरून सावकाश चाललोय असं वाटायचं.

अशाच एका सकाळी उमरठच्या वरच्या वाडीतली म्हातारी टोपण घालून बघायला आली. किडलेली दाढ काढून टाकू म्हटलं तर तिनं आधीच ठाम नकार दिला होता. मरताना तोंडात सोनं हवं, आणि मुलगे दोन्ही मुंबईला गिरणीत. ते पोचेपर्यंत कोण घालणार? म्हणून तिनं आपलं जुनं डोरलं माझ्या हातात ठेवलं होतं. त्याचंच हे टोपण.

सळई पुढून अलगद गेली. जिभेच्या बाजूला अडली. आपलीच चूक असावी असं मनात म्हणत पुन्हा फिरवली, तर तिथंच अडली. टोपण काढून, आटवून नव्याने करावं लागेल म्हटल्यावर म्हातारीनं तोंडच मिटून घेतलं. मी वैतागलो. फटीतून पाणी जाईल, दाढ आतून कुजेल आणि एक दिवस सोन्यासकट भाकरीत येईल, असं सांगितलं. मग तिनं आपणहून तोंड उघडलं.

टोपण निघालं, पण म्हातारी हलेना. ओटीवर गाठोडं ठेवून बसली.

"मी नाय जात. नवं व्हईतवर हितंच ऱ्हाते. काय झालंच तर तू सोनं घाल रे बाबा माज्या तोंडात."

मी हो म्हणालो. भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं. सोनं आटवताना त्यातला एक कण पुडीत बांधून मी सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्या दोन-तीन दिवसांत ओटीवरून तिनं माझी सगळी चौकशी केली. आई दासगावला एकटी असते, हेही काढून घेतलं.

नवं टोपण बसवलं. सळई न अडता पुरा फेरा करून आली. डोळे उघडावेसे वाटेनात. खिशातली पुडी मी तिच्यापुढे धरली.

"माजं झालं," म्हणाली. "ता तुज्या आयला ऱ्हाऊ दे."

ती गेली तसा मी दवाखाना उघडाच टाकून दासगावच्या वाटेला लागलो.