वल्हं उचलून दिलेलं मत

नावेला डांबर फासलं की त्या वासानं तलावावरची ती सकाळ आठवते. आमच्या बोटिंग क्लबची बैठक नावा एकमेकींना बांधून पाण्यातच व्हायची आणि मत वल्हं उचलून द्यायचं. तलावावर तरंगते सोलर पॅनेल येणार होते. शेतीपंपांना दिवसा वीज मिळणार होती, पण आमचा कमळांचा कोपरा झाकला जाणार होता. अध्यक्षबाईंनी आम्हा सगळ्यांना तिथंच वल्हवायला शिकवलेलं. मी तर विरोधाचं भाषणच पाठ करून गेलो होतो. बाई निवृत्त नर्स. म्हणाल्या, "रातच्याले मोटर चालू कराले गेले अन् साप चावला, असे लय लोकं पाहिले मी. दिवसा लाइन भेटन तं आपला कोपरा गेला तरी चालन." आणि होकाराचं पहिलं वल्हं त्यांनीच उचललं. मागोमाग, भाषण न करताच, माझंही वर गेलं. आजही त्या पॅनेलांच्या कडेनं जाताना माझं वल्हं क्षणभर वर जातं.