उजवीकडची चौकट

“मी मोजणीत चुकले असेन, आई. असेन म्हणतेय ना मी,” सून म्हणाली. “अजून काय म्हणू?”

“असेन नाही. चुकले म्हण,” ताई म्हणाल्या. “काल नाटकाच्या भर प्रयोगात मेल्या माणसाच्या उशाशी दाराची बेल वाजली. आवाज निवडायचं काम तुझ्या कोडचं होतं.”

“बटण तर तूच दाबत होतीस ना,” मुलगा म्हणाला. तो एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता.

“तू मध्ये पडू नकोस. बायकोची बाजू घ्यायची तर नीट बसून घे. असा एका पायावर उभा राहून नको.”

“त्याला दोन्हीकडचं राखायचंय, म्हणून एका पायावर आहे,” वर्तमानपत्राआडून ताईंचे यजमान म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यांनी पान उलटलं.

“आई, एवढं सांगते,” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ताईंना त्याचाच जास्त राग येत होता. “आपण दोघींनी दुपारी चार वाजता सगळे आवाज तपासले होते. तेव्हा बरोबर वाजत होते. मग प्रयोगात का चुकले, ते मलाही कळत नाही. कोडमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, आमच्या धंद्यात एकाचा फरक नेहमी पडतो. पहाटे उठून तीनदा वाचलं. सापडलं नाही, पण माझंच काहीतरी असणार.”

“असणारच. संगणकातल्या माझ्या चौकटी अकरा वर्षं चालल्यात. त्यांना काल अचानक विसर पडला होय?”

सुनेने पर्स खांद्याला लावली. “मी दिग्दर्शकांना तसं सांगते,” ती म्हणाली आणि निघाली. मुलगा दुसऱ्या बुटाची नाडी न बांधताच तिच्या मागे गेला.

नाट्यगृहात ताईंना सगळे ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेही. एकोणिसाव्या वर्षी त्या तिथे लागल्या, तेव्हा आवाज टेपच्या रिळावर असायचे. तिथले ध्वनीचे मास्तर ब्लेडने टेप कापायचे आणि ताई चिकटपट्टीने तुकडे जोडायच्या. पावसाला दोन हात टेप, गाडीला वीतभर. मग कॅसेट आल्या, सीडी आल्या, आणि एके दिवशी संगणक आला. सगळ्यांना वाटलं, ताई आता घरी बसणार. पण त्या संगणकात एक अजब गोष्ट होती. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि एका चौकटीतून दुसरीत तार ओढायची. या चौकटीने आवाज उचलायचा, तिने बारीक करायचा, तिसरीने डाव्या कर्ण्यात सोडायचा. ताईंनी आयुष्यभर खऱ्या तारा खोचल्या होत्या. त्यांना ते पाहताक्षणी कळलं. पडद्यावर बोट ठेवून आवाज कुठून निघाला आणि कुठे पोचला हे त्या दाखवू शकायच्या. दुसरे ध्वनिवाले त्यांच्याकडे शिकायला यायचे. त्यातला एक गळ्यात कायम हेडफोन अडकवून फिरायचा, अगदी जेवतानाही. त्याला सगळे हेडफोन म्हणूनच हाक मारत.

एकच गोष्ट ताईंना जमत नव्हती. त्याच पडद्यावर एक चौकट अशीही मांडता यायची, जिच्यात तारा नसायच्या, नुसता लिहिलेला मजकूर असायचा. कोड. ताई त्याला अक्षरांची रांग म्हणत. “रांगेत कोण कुणाला काय देतो ते दिसत नाही,” असं त्यांचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. ते वाचायला बसलं की त्यांना शाळेतला गणिताचा तास आठवायचा आणि मान आपोआप खाली जायची. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नव्या नाटकात एक म्हातारा होता आणि त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, कुणीतरी सतत चालत होतं. दिग्दर्शकाला ती पावलं दरवेळी वेगळी हवी होती. एकच पाऊल लागोपाठ दोनदा यायला नको, आणि दुसऱ्या अंकात ती हळूहळू मंद व्हायला हवीत. ताईंनी साठ चौकटी मांडल्या. पडद्यावर तारांचं जाळं झालं, तरी पावलं घोड्याचीच वाटत होती. सून एकदा डबा द्यायला तालमीला आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, “आई, हे बारा ओळींत होईल. करून देऊ?”

तिने करून दिलं. पावलंही झाली, आणि त्याच चौकटीतून बाकीचे आवाजही क्रमाने निवडता येऊ लागले. बटण दाबलं की तिची चौकट पुढचा आवाज निवडणार, आणि मग ताईंची जुनी चौकट तो वाजवणार. दिग्दर्शक खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, “पुढच्या नाटकाचे आवाज सूनबाईच करतील.” सून लाजली. ती दिवसभर एका कंपनीत विम्याच्या अर्जांसाठी कोड लिहायची. असं कौतुक तिच्या वाट्याला फारसं येत नसे. ताईही हसल्या. हसताना गाल दुखतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि काल तो पहिला प्रयोग. प्रत्येक आवाज एक घर मागे पडत गेला. म्हातारा गेला, रंगमंचावर शांतता पसरली, दूरवर आगगाडीची शिटी व्हायची होती, तर दाराची बेल वाजली. मेलेल्या नटाचं पोट हललं. मग टेलिफोन वाजायचा, तिथे आगगाडीची शिटी झाली आणि सवयीने नटीने रिसीव्हर उचलला. प्रेक्षक हसले. वाईट हसले. त्यानंतर ताईंनी आवाज बंदच केला आणि शेवटचा अंक मुका गेला. पडदा पडल्यावर दिग्दर्शक चढ्या आवाजात बोलले नाहीत. “ताई, रविवारच्या प्रयोगाआधी कारण कळू दे,” एवढंच म्हणाले. “नाहीतर मी हेडफोनला बसवतो. वाईट वाटून घेऊ नका, वयोमानाने होतं.”

वयोमानाने. तो शब्द रात्रभर कानात होता.

घर रिकामं झाल्यावर ताईंनी जेवणाच्या टेबलावर फडकं फिरवलं, मीठदाणी आणि पाण्याचा तांब्या एका रेषेत ठेवला आणि प्रयोगाचा लॅपटॉप उघडला. चूक स्वतः शोधून काढायची आणि संध्याकाळी सुनेच्या पुढ्यात ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तिने ‘असेन’ म्हणून सोडून दिलेलं त्या दाखवून देणार होत्या.

सुनेची चौकट डाव्या कोपऱ्यात खाली होती, मजकूर बारीक दिसत होता. चष्मा लावूनही अक्षरं एकमेकांच्या अंगावर येत होती. ताईंनी चौकट धरून मोठी केली. ती कोपऱ्यात मावेना, म्हणून उजवीकडे मोकळ्या जागेत ओढून आणली. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पहिल्यांदा मान खाली गेली. दुसऱ्यांदा जरा कमी. तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं की हे वरून खाली सरळ चाललंय: आधी आकडा घ्या, एक वाढवा, त्या आकड्याचा आवाज निवडा, नाव पुढे पाठवा. घरकामाच्या बाईला सांगावं तसं. यात चुकायला जागाच दिसेना.

“बघू तर,” म्हणून त्यांनी बटण दाबलं. बेल वाजली. पुन्हा दाबलं. आगगाडी. पुन्हा. टेलिफोन.

सगळं बरोबर वाजत होतं.

ताई मागे टेकल्या. मग त्यांनी चौकट हळूच उचलली आणि पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. सुरुवातीपासून बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. आगगाडीच्या जागी बेल.

उजवीकडे आणली, बरोबर. डावीकडे नेली, एक घर मागे. चार वेळा केलं. पाचव्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

हा नियम त्यांना नवा नव्हता. चौकटींच्या या कारभारात एकाच बटणावरून दोन तारा निघाल्या, तर उजवीकडच्या चौकटीला निरोप आधी मिळतो आणि डावीकडचीला मग. आत लिहिलेल्या ओळी वरून खाली चालतात, त्यांना जागेचं काही नाही. पण ती ओळींची चौकट स्वतः मात्र इतर चौकटींमध्येच बसलेली असते, आणि तिला त्यांचाच कायदा लागू. उजवीकडे होती तेव्हा आधी निवड व्हायची, मग वाजणं. डावीकडे गेली, की आधी वाजणं, म्हणजे मागचंच, आणि निवड त्यानंतर. हेडफोनला हा नियम ताईंनीच शिकवला होता. “नुसतं टापटीप म्हणून सरकवायचं नाही रे. इथे बसायच्या जागेला मान असतो,” असं म्हणाल्या होत्या.

आणि चौकट सरकवली होती त्यांनीच. काल संध्याकाळी सहाला. अर्धी रजा काढून आलेली सून चारची तपासणी करून घरी गेली होती. ताई एकट्या बसल्या होत्या आणि समोर ती रुंद, अक्षरांनी गच्च भरलेली चौकट त्यांच्या पडद्याच्या ऐन मध्यात, जरा उजवीकडे, पसरून बसली होती. आपल्या ओट्यावर कुणी स्वतःची परात ठेवून जावं तशी. त्यांच्या तारा तिला वळसा घालून जात होत्या. त्यांना ते बघवेना. धरली आणि कोपऱ्यात ढकलली, तारा सरळ केल्या, बरं वाटलं. मग पुन्हा तपासायला हवं होतं. हात लावला की तपासायचं, हे सगळ्यांना सांगण्यात त्यांची हयात गेली होती. पण तपासायचं म्हणजे तिचं काम पुन्हा एकदा आपल्या हाताने वाजवून बघायचं. त्यांनी चहा मागवला.

“सापडलं?” यजमानांनी दारातून विचारलं. ते बाजाराची पिशवी घेऊन निघाले होते.

“नाही,” ताई म्हणाल्या.

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. इतका सहज.

“मग तिचीच चूक म्हणायची,” यजमान म्हणाले. “बरं झालं एका अर्थी. तुझ्यावर खापर नाही.” आणि ते चपला घालून गेले.

दुपारी दिग्दर्शकांचा फोन आला. ते मोकळे बोलत होते. “ताई, तुमच्या सूनबाईंनी सकाळीच कळवलं. चूक त्यांची होती. फार माफी मागत होत्या. मी म्हटलं, जाऊ दे, ताई आमच्या घरच्या आहेत. रविवारी तुम्हीच बसा. ते कोडबिड काढून टाका आणि आपलं जुनं लावा. पुढच्या नाटकाचं मी हेडफोनशी बोललोय. नवखी माणसं नकोत या कामात.”

“हो,” ताई म्हणाल्या.

“पावलं घोड्याची वाटली तरी चालतील,” ते हसत म्हणाले.

ताईंनी फोन ठेवला आणि कपडे घडी करायला घेतले. मुलाचे सदरे, सुनेचे कुर्ते. एका कुर्त्याच्या खिशात चुरगळलेला कागद निघाला. सुनेने त्यावर पावलांचं गणित मांडलं होतं: कितव्या पावलानंतर कितवं येऊ नये, बाणबिण काढून. खाली लिहिलं होतं, ‘आईंना विचार: म्हातारीचं पाऊल की तरुणीचं?’ तिने तो प्रश्न कधी विचारला नव्हता. किंवा विचारला असेल आणि ताईंनी ऐकला नसेल. त्यांनी कागद सरळ करून कुर्त्याच्या घडीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

गप्प राहिलं तर काय होईल, याचा त्यांनी नीट विचार केला. त्या काही देवमाणूस नव्हत्या. गप्प राहिलं तर खुर्ची राहील. सून चार दिवस हिरमुसेल, मग तिची कंपनी आणि तिचे विम्याचे अर्ज. पुढे कधी कुणी विचारणार नाही. खरं सांगितलं तर मात्र तो शब्द दिग्दर्शकांच्या तोंडी कायमचा बसेल, वयोमानाने, आणि मग नाट्यगृहाच्या दारातला चहावालासुद्धा तसाच बघेल. जोडलेल्या टेपपासून आजपर्यंत एवढं एकच त्यांनी कमावलं होतं: ताईंचा आवाज चुकत नाही.

पण सून आता पुन्हा पुन्हा आपल्या त्या बारा ओळी वाचत बसेल. नसलेली चूक शोधत. आज कामावर, उद्या, परवा. आणि सापडणार नाही तेव्हा आपल्याला येत नाही असं धरून चालेल. हे ताईंना सहन होईना. ते कसं असतं हे त्यांना शाळेपासून माहीत होतं.

साडेपाचला त्यांनी फोन उचलला. सांगणं एका मिनिटात संपलं.  मग दिग्दर्शक म्हणाले, “हे तुम्ही केलंत, ताई? तुम्ही?” आणि पुढे, “मग रविवारचं मला हेडफोनला सांगावं लागेल.” ताई म्हणाल्या, “सांगा.”

सून आली तेव्हा तिचे डोळे तांबारले होते. पर्स खाली ठेवायच्या आत म्हणाली, “आई, जेवायच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. एक आकडा पुढे ढकलला तर कदाचित बसेल. का बसेल ते मात्र कळत नाही.”

“काही ढकलू नकोस,” ताई म्हणाल्या. “हात धू.”

मुलगा आला, यजमान आले. चौघं जेवायला बसले. ताईंनी सगळ्यांना वाढलं, स्वतःच्या ताटात वाढलं आणि पहिला घास घेण्याआधी बोलल्या, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं त्या सुरात.

“कोड बरोबर होता. तू गेल्यावर तुझी चौकट मी कोपऱ्यात सारली आणि न तपासता प्रयोगाला बसले. सकाळीच कळलं होतं मला. यांनी विचारलं तर नाही म्हणाले.”

यजमानांचा हात ताटाकडे जाता जाता थांबला. मुलगा सुनेकडे बघू लागला. सून ताटाकडे.

“दिग्दर्शकांना सांगितलंय. तुझ्या पुढच्या नाटकाचं तू त्यांच्याशी बोल, ते मी बोलणार नाही. रविवारी हेडफोन बसणार आहे, मी नाही. उद्या त्याला सगळं दाखवायला आठला निघतेय. सकाळचा चहा तुमचा तुम्ही करून घ्या.”