आतून चंदेरी

मोरुपच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. एक ट्रक ड्रायव्हरच्या नाकावर मोडलेलं, दुसरं खेचराच्या जबड्यावर. दोन्ही वेळा चूक समोरच्याची होती, असं तो सांगायचा. खेचराला विचारायला कुणी गेलं नाही.

याच हाताच्या गुणानं तो घरजावई म्हणून दोन घरांतून बाहेर पडला होता. आम्हा लडाख्यांत घरजावयाला काढायला पंचायत बसवत नाहीत. बायकोनं त्याचे बूट उंबऱ्याबाहेर ठेवले, की विषय संपला. तिसरं घर आंगमोचं. तिनं लग्नाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "माझ्या बापावर हात उचललास, तर बूट बाहेर." आणि चाळिशी ओलांडलेल्या मोरुपला चौथं घर देणार कोण?

बाप म्हणजे टुंडुप. म्हातारा दिवसभर पत्र्याच्या चुलीला चिकटून बसे. हातात लोखंडी सळई. निखारे उकरायला आणि जावयाला टोचायला. मोरुप दातओठ खाऊन सोसत होता.

लोसारचा, नव्या वर्षाचा सण तोंडावर आला तेव्हा म्हातारा म्हणाला, "चूल आतून गंजलीय. घरात पुरुषमाणूस असता तर त्याला दिसलं असतं."

मोरुप तडक लेहच्या बाजारात. रंगवाल्या गफूरनं दोन डबे पुढं ठेवले. "हा काळा, मोटारसायकलच्या सायलेन्सरचा. हा चंदेरी, धुराड्याच्या पाइपाचा. आच सोसतो."

"चुलीला आतून लावायचाय."

"आतून? अरे भाऊ, आतून कोण..."

सकाळपासून त्याची अक्कल काढणारा हा दुसरा माणूस. मोरुपनं त्याला गळपट्टी धरून गल्ल्यावर ओढलं. "आच सोसतो की नाही, तेवढं बोल."

"सोसतो," गफूर चवड्यांवर उभा राहून म्हणाला. "तू म्हणशील ते सोसतो. दोन डबे ने."

मोरुपनं तीन जाड हात दिले. चूल आतून लग्नातल्या ताटासारखी चकाकली. लोसारच्या सकाळी नवे कपडे घालून सगळे बसले आणि आंगमोनं जाळ केला.

आधी फसफसलं. मग रंगाला फोड आले, पिवळा धूर सुटला आणि खूर जाळल्यासारखी दुर्गंधी घरभर पसरली. चुलीच्या देवाला उतू गेलेल्या दुधाचा वाससुद्धा खपत नाही. तो रुसला की माणसं, गुरं अंथरूण धरतात. इथं तर देवाच्या तोंडातच रंग पेटला होता.

म्हाताऱ्याची पहिली सळई मोरुपच्या कानावर बसली. कान फाटला. दुसरी गळ्याच्या हाडावर. तिसरी त्यानं हवेतच धरली आणि म्हाताऱ्याला उचलून फडताळावर भिरकावलं. तांब्याची भांडी धडाधड अंगावर कोसळली. म्हातारा थुंकला, तर रक्तात दात.

आंगमोनं बापाचं तोंड पुसलं. मग मोरुपचे बूट उचलून बाहेर ठेवले.

मोरुपनं बुटांकडं पाहिलं. हाताला गोणपाट गुंडाळलं, धुराडं उपटलं आणि जळती चूल छातीशी कवटाळून अंगणात नेली. बर्फ चरचरलं, त्याचे तळहातही. कुणी अडवलं नाही; ती घाण बाहेर जायलाच हवी होती. मोज्यांवरच बर्फात बसून तो छिन्नीनं रंग खरवडू लागला.

थोड्या वेळानं म्हातारा घोंगडी पांघरून शेजारी येऊन बसला. सळई घेऊन.

"डावा कोपरा राहिला." सळई पाठीत बसली.

मोरुपची मूठ वळली. मग उघडली आणि छिन्नी डाव्या कोपऱ्यात गेली.

"आता वर." पुन्हा पाठीत. मोरुपनं वर खरवडलं.

ऊन कलेपर्यंत हेच चाललं. नुसतं लोखंड उरलं, तेव्हा मोरुप सासऱ्याला म्हणाला, "अबा-ले, उघडं ठेवलं तर पुन्हा गंजेल की."

"रोज पेटव. पेटती चूल गंजत नाही," म्हातारा दाताच्या फटीतून फुसफुसला.

आंगमो बाहेर आली. एक बूट उचलून आत निघाली.

"आणि दुसरा?"

"लामांना धूप फिरवून देवाचा रुसवा काढू दे," ती म्हणाली. "मग बघू."