बोटाएवढा ब्रेड

अठ्ठावीस वर्षांपूर्वी गाव सोडलं, त्या दिवशी मी चुकीची पिशवी उचलली. जिंतूरच्या अलीकडे आमचा फाटा आहे. एसटी आली, कंडक्टरने घाई केली आणि हाताला लागली ती पिशवी घेऊन मी मोठ्या खात्रीने चढलो. दुसऱ्या दिवशी चाकणच्या कंपनीत टाइम ऑफिसपुढे उभं राहून आयटीआयचं सर्टिफिकेट काढायला ती उघडली, तर आतून दोन लंगोट, एक टोपडं आणि काजळाची डबी निघाली. वॉचमन म्हणाला, "भावा, हे कुणाचं सर्टिफिकेट?" मागची रांग हसली. मीही हसलो. काय करणार?

कागदपत्रं गावात राहिली होती, लेकराचे कपडे माझ्याबरोबर आले होते आणि लेकरू गावातच होतं. आमची अश्विनी, दहा महिन्यांची, माझ्या आईच्या कडेवर. मला प्रेस शॉपला, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या खात्यात, काम लागलं होतं, माझ्या बायकोला, रेखाला, शेजारच्या कंपनीत पॅकिंगला. शिफ्टा उलटसुलट, चाकणजवळ निघोज्यात दहा बाय दहाची खोली. आई म्हणाली होती, "लेकरू माज्या हातचं खाईल, वाढंल. तुमी जा बिनघोर." मी बिनघोर गेलो. रेखाचं मला माहीत नाही, मी विचारलं नव्हतं.

निघोज्याची घरमालकीण म्हातारी रोज नळावर तिला विचारायची, "आगं पोरी, लेकरू कुठं हाय तुजं?" "गावी आहे, मावशी." "आन् तू हितं?" टोमणा नसायचा त्यात, म्हातारीला खरंच कळत नव्हतं. रेखा कळशी घेऊन आत यायची आणि स्टोव्हला गरजेपेक्षा जास्त पंप मारायची.

अश्विनी तीन वर्षांची होत आली तेव्हा तिला इकडे आणलं. पहिले पंधरा दिवस ती रेखाच्या हातून जेवली नाही. भूक लागली की दाराकडे बघायची. रेखाला, स्वतःच्या आईला, 'मावशी' म्हणायची. गावाकडच्या मंडळींनो, तुम्ही तिला फुलासारखं सांभाळलंत, त्यात खोट नाही. पण ते पंधरा दिवस आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने आठवत नाही.

हे सगळं आता सांगायचं कारण म्हणजे अश्विनीची मुलगी, ओवी. नऊ महिन्यांची. आम्ही मोशीत सहाव्या मजल्यावर राहतो. खाली जिथे पार्किंग आहे तिथे पूर्वी कांदे लावायचे म्हणे. जावई वर्षभरासाठी गुजरातच्या प्लँटला गेलाय, म्हणून अश्विनी आमच्याकडे असते. तिची बाळंतपणाची रजा संपली, रेखाची नोकरी अजून तीन वर्षं आहे आणि माझं डिपार्टमेंट कंपनीने बंद करून मला घरी बसवलंय. म्हणजे ओवी माझ्या ताब्यात. चोवीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, एक लेकरू सांभाळता येणार नाही?

नाही आलं. चमचा दिसला की ओवी ओठ मिटून घ्यायची. नाचणीची पेज, मऊ भात, केळं, सगळं माझ्या शर्टावर. दोन महिने वजनाचा काटा जागचा हलला नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजोबा, चमचा सोडा. तिच्या हातात द्या. अंडं नीट शिजवून, नाहीतर अंड्यात बुडवलेला ब्रेड भाजून, लांब लांब काप करून. मीठ-साखर नको. समोर बसून राहा, आणि पंधरा दिवसांनी दाखवा."

त्या संध्याकाळी अश्विनी बुटांची लेस सोडता सोडता म्हणाली, "पंधरा दिवसांत नाही वाढलं ना वजन, तर ओवीला उदगीरला सासूबाईंकडे ठेवते. त्यांना जमेल." आवाज अगदी साधा. रेखा भाजी निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी त्या दोघींकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी लाइन चालू केली. अंडं वाटीत फेटायचं, चमचाभर दूध, ब्रेडच्या कडा काढायच्या, बुडवायचा, तव्यावर थेंबभर तूप, दोन्ही बाजू आतपर्यंत शिजेस्तोवर. मग काप. माझ्या बोटाएवढी रुंदी. पहिल्या दिवशी तर स्टीलची पट्टी लावून कापले, हसू नका. ओवीने पहिला काप जमिनीवर टाकला. दुसरा डोक्याला लावला. तिसऱ्या दिवशी एक तोंडात गेला आणि घशाशी अडला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, खोकला. मॅडमनी बजावलं होतं की खोकतेय, आवाज येतोय तोवर तोंडात बोट घालायचं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तिने तो काप स्वतःच बाहेर ढकलला, निरखून पाहिला आणि परत तोंडात घातला. माझी बनियन घामाने चिकटली होती.

पाचव्या दिवशी तिने दोन काप संपवले, आणि माझ्या अंगात आलं. सहाव्या दिवशी मी नवा ब्राऊन ब्रेड आणला, वर चीज किसलं आणि आपल्याकडची सवय म्हणून अंड्यात शेंगदाण्याचं बारीक कूट टाकलं. अर्ध्या तासात ओवीच्या ओठांभोवती, कानामागे लाल गांध्या उठल्या.

रिक्षात तिला छातीशी धरून मी तिचा श्वास मोजत होतो. दवाखान्यात मॅडमनी औषध दिलं, छाती तपासली आणि विचारलं, "आज नवीन काय दिलं?"

"तीन गोष्टी," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. प्रेस शॉपला येणाऱ्या प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी मीच दम द्यायचो, 'एका वेळी एकच सेटिंग बदल. दोन बदललीस आणि पीस बिघडला, तर कुणाला धरायचं?'

दोन तास त्यांनी बसवून ठेवलं. गांध्या उतरल्या. अंडं आणि पहिला ब्रेड पाच दिवस पचला होता, तेवढंच चालू ठेवायचं. चीज आणि तो नवा ब्रेड बंद, आणि शेंगदाण्याचं पुढे बघायचं तर दवाखान्यातच, त्यांच्यासमोर.

घरी आलो तेव्हा ओवीच्या अंगावर एक डाग नव्हता. कुणाला कळलंही नसतं. 'आज जरा उष्णता झाली होती' हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. साडेसहाला अश्विनी कंपनीच्या बसने आली. पाठोपाठ रेखा. मी सगळं सांगून टाकलं.

"पप्पा, फोन का नाही केलात?"

"भीती वाटली."

"ओवीची?"

"तुझी. तू नेशील तिला."

अश्विनी ओवीला मांडीवर घेऊन बसली. मग ती म्हणाली, "मला गावी काही कमी नव्हतं, पप्पा. आजी चांगलीच होती. पण तुम्ही दोघं आलात की हे कोण, ते मला आधी आठवावं लागायचं." रेखा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तशीच राहिली. अश्विनी उठली. "उद्या माझ्यासमोर द्या."

दुसरा दिवस गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. तिघंही घरी. साधा ब्रेड, अंडं, दूध, बस. ओवीने काप उचलला, चावला आणि तिला ठसका लागला. अश्विनी झेपावली. मी तिचं मनगट धरलं. "थांब. खोकतेय ना? तिचं ती काढेल." ओवीने काढला, पाहिला, पुन्हा घातला. दीड काप गेला.

"वजन वाढेल तेव्हा वाढेल," अश्विनी म्हणाली. "पाठवायची नाही. सासूबाईंनाच चार दिवस इकडे बोलावते. पण पप्पा, नवीन काही द्यायचं तर मला विचारून."

"ड्रॉइंगमध्ये बदल करायचा तर सही लागतेच, मॅडम," मी म्हणालो. ती हसली नाही, पण ओवीचं तोंड पुसताना तिचे हात सैल झाले होते.

गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, "घरी कधी येताय?" पूर्वी मी तारीख सांगायचो. आता क्षणभर अडखळतो. माझ्यासारखे इकडे आलेल्यांनाही असंच होत असेल. इथे सहाव्या मजल्यावर एक लेकरू आहे. त्याला मी कोण, हे आठवावं लागत नाही. घर म्हणतात ते एवढंच असावं, आणि ते मला चुका करत करत आत्ता सापडतंय.

अश्विनी ओवीला झोपवायला आत गेली. रेखा माझ्यासमोर येऊन बसली. ताटलीत उरलेला काप तिने उचलला, सावकाश चावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगदीच अळणी आहे हो. आता दोन माझ्यासाठी करा. मीठ-मिरची घालून. आणि जरा जाड कापा, मला दात आहेत."