लेखिकाबाईंचा हिरो

लेखिकाबाईंच्या कथेतली माणसं एकमेकांना मिठी मारण्याआधी हवेचा दाब तपासून बघत. ग्रह कुठला, तिथलं गुरुत्वाकर्षण किती, तोंडावरचा मुखवटा काढला तर माणूस किती वेळ जगेल, हे सगळं त्या आधी वहीत मांडून घेत. "प्रेम कुठंही होतं रे," त्या म्हणत, "पण आधी श्वास घेता आला पाहिजे." दिवाळी अंकांचे संपादक कळवत, प्रेमकथा पाठवा किंवा विज्ञानकथा पाठवा, दोन्ही एकत्र नको. बाई दोन्ही एकत्रच पाठवत.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या माझ्या शेजारी राहत. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, एकट्या, माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी मोठ्या. मी कराडहून नोकरीसाठी दिल्लीला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. कॉलनीतली मराठी मंडळी त्यांच्यामागे त्यांना 'लेखिकाबाई' म्हणत, थोडं कौतुकानं, बरंचसं थट्टेनं. मी तोंडावर त्यांना ताई म्हणायचो. आज लिहायला बसलो तर हातून थट्टेतलंच नाव उतरतंय, त्यावरूनच मी कसा माणूस आहे ते कळावं.

एवढं सगळं सुचतं कुठून, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "बदलीच्या ऑर्डरमधून." दिल्लीत कुटुंबं कशी विखुरलेली राहतात ते त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं, नवरा इथं, बायको तिकडं, मुलं तिसरीकडे. कॅन्टोन्मेंटच्या गणपतीला जाऊन त्या जवानांच्या बायकांमध्ये बसत आणि नुसत्या ऐकत. साताऱ्याकडची एक जण म्हणाली होती, "रविवारी फोन लागतो, ताई. ते हॅलो म्हणतात, मी हॅलो म्हणते. मग रेंज जाईपर्यंत दोघंबी गप." त्या दोघांना बाईंनी दोन यानांत बसवलं आणि एकाच सूर्याभोवती उलट्या दिशेनं फिरत ठेवलं. ती त्यांची सर्वांत चांगली कथा, असं मला अजून वाटतं.

कथेतल्या नायिकेची पत्रं त्या स्वतः लिहीत. नायकाची मात्र माझ्याकडून लिहून घेत. "बाई बोलत असताना पुरुष गप्प कसा बसतो ते मला पक्कं माहितीय," त्या म्हणाल्या, "कागदावर तो काय करतो ते माहीत नाही. तू लिही." सकाळी माझ्या दाराच्या कडीला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीत घडी केलेला कागद सापडायचा. वर परिस्थिती लिहिलेली असे: तू गुरूच्या चंद्रावरच्या खाणीत आहेस, तुझं पत्र तिला पोचायला चार वर्षं लागतात. खाली नायिकेचं पत्र. मी उत्तर लिहून त्यांच्या पिशवीत टाकायचो. त्याविषयी तोंडी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या निवृत्त होऊन मयूर विहारला राहायला गेल्यावर मी विचारलं, "आता व्हॉट्सॲपवर पाठवू का?"

"बिल्कुल नाही. दोन निळ्या रेघा दिसल्या की विरह संपला, यार."

मग पोस्टानं पत्रं सुरू झाली. "काय हिरो, जेवलास का?" असा फोन आला की समजायचं, पत्र अजून पोचलेलं नाही. माझ्या बायकोला मी आयुष्यात दोन पत्रं लिहिली असतील. बाईंच्या नायिकांना शंभरेक. जे घरी कधी बोललो नाही, ते सगळं तिथं लिहून बसलो होतो. बाईंना ते कळत होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची गोष्ट. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. मला नुकतंच प्रमोशन मिळालं होतं. ऑफिसातल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय साहेब, मंगळावरून पत्र आलं की नाही या महिन्यात?" सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "अहो, त्यांचा वेळ जात नाही, म्हणून मी आपलं हो ला हो करतो. म्हातारपणी काहीतरी खेळणं लागतंच."

मागे वळलो तर बाई उभ्या. हातात तिळगुळाची डबी.

"तिळगूळ घे, गोड बोल," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. मग पर्समधून एक घडी काढून माझ्या हातात दिली. मला द्यायला म्हणूनच त्यांनी ती आणली होती.

ती त्यांच्या शेवटच्या कादंबरीतली परिस्थिती होती. यानात एकाच प्रवासापुरतं इंधन उरलं आहे. नायक परत येऊ शकतो, किंवा पुढे जाऊ शकतो. खाली एवढंच: "या वेळी मी ठरवणार नाही. तू ठरव."

मी उत्तर लिहिलं नाही. आधी शरमेनं, मग उशीर झाला म्हणून, मग एवढा उशीर झाला याच्याच शरमेनं. एकदा त्यांचा फोन आला, "हिरो, माझं पुस्तक अडलंय रे." मी म्हणालो, "ताई, ऑडिट चालू आहे, पुढच्या आठवड्यात नक्की." असे किती आठवडे गेले. मग त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचं कळलं. मोसंबी घेऊन गेलो. त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, पत्राचं नाव काढलं नाही. लिफ्टमध्ये शिरताना मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

महिन्याभरानं त्यांची भाची फाईल घेऊन घरी आली. दिल्लीत वाढलेली मुलगी, मराठी अडखळत वाचते. "काका, बुक पूर्ण आहे, पण अकराव्या चॅप्टरनंतर तीन पानं ब्लँक आहेत. वर तुमचं नाव आहे. आणि पुढचा चॅप्टर मला नीट समजला नाही. बघा ना."

मी वाचलं. ते नायिकेचं पत्र होतं.

"तुझं पत्र आलं नाही. म्हणजे ते वाटेत असणार. तू लिहिलंच नसशील, असं माझ्या मनात येत नाही; तसं मी तुला घडवलेलंच नाही. उशीर झाला म्हणून लाजू नकोस. मी घर बदलते आहे. नवा पत्ता अजून मलाच माहीत नाही."

भाचीनं उठून पाणी आणून दिलं.

त्यानंतर दोन महिने मी ती पानं लिहायला बसत होतो. नायक परत आला असं लिहिलं, तर ते खोटं. पुढे गेला असं लिहिलं, तर तेही खोटं, कारण पुढे जायलासुद्धा धैर्य लागतं. शेवटी भाचीला फोन केला.

"तशीच छापा. कोरी."

"पण काका, लोकांना वाटेल प्रिंटिंगमध्ये काहीतरी चुकलंय."

"चुकलंच आहे," मी म्हणालो, "पण छापणाऱ्याचं नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."